एक थेंब गळणार नाही

चमन नदाफचा मंडप गळतो ही गोष्ट सगळ्या कोल्हापूरला एका फोटोमुळं कळली. त्याआधी ती फक्त त्याच्या मंडपाखाली बसलेल्यांना ठाऊक होती आणि ते कुठं बोलत नव्हते, कारण गळण्यात त्यांचा फायदा होता. कसला, ते पुढं येईलच.

फोटो गेल्या वर्षी वीस जुलैला एका पेपरच्या पहिल्या पानावर आला. एकोणीस जुलैला धैर्यशीलसाहेबांचा वाढदिवस असतो. साहेब एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष आहेत आणि इतर बऱ्याच ठिकाणी काही ना काही आहेत. ऐन पावसाळ्यात जन्माला येणं त्यांच्या हातात नव्हतं. वाढदिवस मैदानावरच करायचा हे मात्र त्यांच्या हातात होतं आणि ते त्यांनी कधी सोडलं नाही. हॉलमध्ये खुर्च्या मोजता येतात, मैदानात नुसती गर्दी दिसते, असं त्यांचं म्हणणं.

तर गेल्या वर्षी साहेबांचं भाषण चालू असताना पब्लिकवरचं कापड पाण्यानं म्हशीच्या कासेसारखं लोंबलं आणि मधोमध फाटलं. चार हजार लोक उठले आणि बसल्या खुर्च्या उचलून त्यांनी डोक्यावर उलट्या धरल्या. फोटोवाल्यानं शाळेच्या गच्चीवरून फोटो काढला. त्यात एकही माणूस दिसत नव्हता. आभाळाकडं पाय केलेल्या चार हजार खुर्च्या होत्या आणि साहेब उजवा हात वर करून त्यांना काहीतरी समजावून सांगत होते. पेपरवाल्यांनी फोटोखाली काही लिहिलं नव्हतं. तशी गरज त्यांना वाटली नसावी.

त्या दिवसापासून चमनचं नाव गळका चमन पडलं.

खरं सांगायचं तर यात चमनचा एकट्याचा दोष नव्हता. स्टेजवर ताडपत्री आणि पब्लिकवर कापड, ही मंडपवाल्यांची बापजाद्यांपासूनची रीत. स्टेजवरचा माणूस भिजला तर पुढच्या वर्षी दुसरा मंडपवाला येतो. पब्लिक भिजलं तर पुढच्या वर्षी तेच पब्लिक येतं. चमनच्या अब्बांनी याच रीतीवर चाळीस वर्षं काढली, चमननं तीस. पण अब्बांच्या काळात गच्चीवर फोटोवाला नव्हता.

नावाचं चमननं मनावर घेतलं नसतं. कोल्हापुरात ज्याला टोपणनाव नाही त्याच्याकडं लोक जरा संशयानंच बघतात. पण त्याच्या थोरल्या मुलीचं, आफशीनचं, लग्न आजऱ्याच्या शाहबाजभाईंच्या अरीबशी ठरलं होतं. शाहबाजभाईंचा काजूचा कारखाना. माणूस सरळ, कमी बोलणारा. कमी बोलायचं कारण घरातच होतं. त्यांचे थोरले भाऊ साखरपुड्यात घराण्याच्या इतिहासावर दीड तास बोलले होते आणि बिर्याणीवर तूप गोठलं होतं. नोव्हेंबरमधली तारीख धरली आणि मग एके दिवशी शाहबाजभाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ते म्हणाले, "पावणं, मंडपाचं तुमी कायबी मनावर घेऊ नगासा. मंडप आमी आजऱ्यास्नं आणतो."

चमननं फोन ठेवला आणि तो दुकानातल्या झालरींच्या ढिगाऱ्यावर बसला. तीस वर्षांत त्यानं किती पोरींच्या लग्नाचे मंडप घातले असतील याला गणती नव्हती. पोरींना पुढं पोरं झाली, त्यांच्या बारशाचे मंडप घातले. आणि आपल्या पोरीच्या डोक्यावर परगावचं कापड. त्याची बायको शाहिस्ता एवढंच म्हणाली, "हलवायाच्या घरात बाहेरनं जिलेबी आणल्यागत झालं की हे." आणि ती भाजी निवडायला बसली. तिला जे बोलायचं होतं ते ती भाजीच्या देठांना बोलली.

दोन दिवसांनी चमननं आपण होऊन आजऱ्याला फोन लावला. एकोणीस जुलैला साहेबांच्या वाढदिवसाला या, म्हणाला. पब्लिकमध्ये पाहिजे तिथं बसा. डोक्यावर एक थेंब पडला तर मंडप आजऱ्यास्नं आणा, मी खांब धरायला उभा राहतो. नाही पडला तर मंडप माझा. शाहबाजभाई येतो म्हणाले. आजऱ्याच्या माणसाला पाऊस काय असतो ते सांगावं लागत नाही.

इकडं साहेबही पेटले होते. त्यांच्या पेटण्याचं कारण वेगळं होतं. साहेबांकडं एक वही होती. तिचं नाव 'माझा प्रवास'. दर वर्षाला एक पान. यंदा एकसष्टावं पान भरणार होतं. वाढदिवसाला दुपारी चारला ही वही ते पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचे आणि साडेचारच्या आसपास पन्हाळ्याकडून पाऊस यायचा. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. त्यामुळं पब्लिकला साहेबांचं आयुष्य फक्त सातवीपर्यंत माहीत होतं. तेवढं मात्र पाठ होतं. तिसरीत असताना शेळीनं त्यांची टोपी कशी खाल्ली हे संस्थेच्या शाळांतलं बालवाडीतलं पोरगंसुद्धा सांगायचं. सातवीच्या पुढं कापड गळायला लागायचं, लोक खुर्च्या डोक्यावर घेऊन शाळेच्या व्हरांड्यात पळायचे आणि तिथं त्यांना मसालेभात आणि जिलेबी वेळेआधी मिळायची. गळण्यातला फायदा म्हणायचा तो हा.

साहेबांचे पीए संग्राम यांनी चमनला बोलावून शंभराच्या मुद्रांकावर लिहून घेतलं: 'मंडपातून एक थेंब गळणार नाही.' साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं, जरा विचार केला आणि शेवटी आपल्या हातानं भर घातली: 'पब्लिकवरसुद्धा.' सत्तर वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच पब्लिकचा मुद्रांकावर उल्लेख केला, हे चमनच्या मनाला भिडलं. त्यानं सही केली.

कापडाचा प्रश्नच नव्हता. त्यानं सगळा मंडप पत्र्याचा घातला. छप्पर तोलून धरणाऱ्या लोखंडी कैच्या उभ्या केल्या, वर नऊशे पत्रे, एकावर दुसरा हातभर चढवून. पाऊस पन्हाळ्याकडून येतो म्हणून चढ त्या हिशोबानं. प्रत्येक बोल्टाखाली रबराची चकती, चकतीवर डांबर. दोन छपरं जिथं मिळतात तिथं पन्हळ, पन्हळीचं पाणी थेट नाल्यात. मिस्त्री होता दादासो, अब्बांच्या हाताखाली तयार झालेला. त्याचं वय साठाच्या पुढं होतं आणि खाली उभा राहून वरचा पत्रा कुठं हलतो ते तो कानानं सांगायचा.

मंडप आकार घ्यायला लागला तसे लोक बघायला यायला लागले. पहिले आले विजयसिंह सर, संस्थेच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक. सगळ्या शिक्षकांना वाढदिवसाची हजेरी सक्तीची आणि मुख्याध्यापकांना पहिली रांग. सरांनी खालून वर, वरून खाली सगळं निरखलं आणि सांत्वनाला आल्यासारख्या आवाजात म्हणाले की काम फारच पक्कं चाललंय. मग जवळ येऊन त्यांनी विचारलं की एखादं लहानसं भोक राहणार असेल तर त्यांच्या खुर्चीच्या वर राहील काय. मोठं नको. मफलर भिजेल एवढं बास. भिजल्या मफलरीनं बसलो तर न्यूमोनिया होतो, हे साहेबांनाही पटतं.

मग सोनूबाई आल्या. बचत गटांच्या पुढारी, दरवर्षी चारशे बायका टेंपोतून आणायच्या. त्यांनी कुजबूज केली नाही, ती त्यांना येतही नव्हती. "वर्षातनं एकदा चारशे बायका एका जागी येतात," त्या म्हणाल्या, "आन् समद्यांनी तोंड मिटून शेळीची गोष्ट ऐकायची? पाऊस आला की व्हरांड्यात उभं ऱ्हाऊन चार शब्द तरी बोलता येतात. औंदा ते बी बंद करतोस व्हय रं?"

सगळ्यात शेवटी खुद्द संग्राम आले. इकडं तिकडं बघून त्यांनी सांगितलं की वही त्यांनी चार वेळा टाइप केली आहे. जाताना त्यांनी मधल्या एका पत्र्याकडं बोट केलं आणि तिथला बोल्ट जरा ढिला वाटतोय असं म्हणाले. बोल्ट ढिला नव्हता. मी काय बोललोच नाही असं समजा, असंही ते म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली.

चमननं सगळ्यांना एकच उत्तर दिलं. आफशीनच्या लग्नाचं सांगितलं, शाहबाजभाई येणार आहेत ते सांगितलं. मुलीचं लग्न म्हटल्यावर कोल्हापुरात वाद संपतो. कुणी पुढं हट्ट धरला नाही. सोनूबाईंनी तर आफशीनला आहेर काय करायचा तेही तिथल्या तिथं ठरवलं. पण जाताना सगळ्यांनी मंडपाकडं ज्या नजरेनं बघितलं ती चमनला काही सोसेना. भांडले असते तर बरं झालं असतं. एवढा मजबूत मंडप त्यानं आयुष्यात घातला नव्हता आणि एवढं दुःखी गिऱ्हाईकही त्यानं कधी बघितलं नव्हतं.

सतरा तारखेला साहेबांनी त्याला बंगल्यावर बोलावलं. स्टेज कुठं, माईक कुठं, हे पाच मिनिटांत झालं. मग साहेब म्हणाले, बस चमन, वेळेचा जरा अंदाज घेऊ. आणि त्यांनी वही उघडली.

समोर झोपाळ्यावर साहेबांच्या आई बसल्या होत्या, बयाबाई. वय पंच्याऐंशी, कानात ऐकायचं मशीन. वहीचं पहिलं पान उलटताच बयाबाईंनी मशीन कानातून काढलं, पदरानं पुसलं, चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि डबी मिटली. मग त्या मुलाकडं मायेनं बघत बसल्या. चमनकडं मशीन नव्हतं.

दोन तास दहा मिनिटं झाली. चहा तीन वेळा आला. साहेब अजून सहावीत होते, कारण प्रत्येक पानावर त्यांना न लिहिलेलं काहीतरी आठवत होतं. चमन हा मापाचा माणूस. दोन तासांत बारा वर्षं, म्हणजे एकसष्ट वर्षांना दहा तास, हे त्यानं मनात काढलं. साहेबांनाही अंदाज आला असावा. काटछाट करू, साडेतीन तासांत बसवू, म्हणाले. मग वही छातीशी धरून ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "चमन, मला एकदा शेवटच्या पानापर्यंत जायचंय रे. लोकांनी एकदा बसून ऐकावं. बाकी काही नको."

चमनला त्यांचा रागही येईना. माणूस वाईट नव्हता. फक्त लांब होता.

दुसरा दिवस म्हणजे कार्यक्रमाचा आदला दिवस. दादासो गोदामातून पोती घेऊन आला होता, साखरेची रिकामी तागाची पोती, दोन हजार दोनशे. पत्र्याच्या मंडपाला ती लागतातच. पत्र्याला आतून पोत्यांचा थर बांधायचा आणि त्याखाली रंगीत कापडाचं छत. पोती नसली तर पाऊस पत्र्यावर असा वाजतो की खाली काही ऐकू येत नाही. स्टेजवरची पोती बांधून झाली होती. पब्लिकवरची निम्मी झाली होती, तेवढ्यात एक सर येऊन गेली.

चमन तेव्हा पोती नसलेल्या बाजूला उभा होता. दादासो दहा हातांवर शिडीवरून त्याला काहीतरी सांगत होता. दादासोचे ओठ हलत होते, मान हलत होती, मिशीसुद्धा हलत होती, पण चमनच्या कानात नऊशे पत्र्यांशिवाय काही येत नव्हतं. सर थांबल्यावर कळलं की दादासो त्याला शिव्या देत होता, बांधायची तार कमी आणली म्हणून. चांगली दहा मिनिटं दिल्या होत्या. चमनला त्यातली एकही लागली नव्हती. उलट त्या दहा मिनिटांत त्याला एकदम शांत वाटलं होतं.

त्यानं वर बघितलं. एक थेंब गळत नव्हता.

मग त्यानं खिशातून मुद्रांकाची झेरॉक्स काढली आणि दोनदा वाचली. पाण्याविषयी सगळं होतं. आवाजाविषयी साहेबांनी आपल्या हातानंसुद्धा काही घातलेलं नव्हतं.

"दादासो," तो म्हणाला, "स्टेजवरची पोती ऱ्हाऊ देत. पब्लिकवरची काढ."

दादासोनं कारण विचारलं. पोती भिजलीत, चमन म्हणाला, उद्या कुबट वास मारतील. दादासोनं जवळच्या पोत्यावर हात फिरवला. पोतं पापडासारखं कोरडं होतं. त्यानं चमनकडं बघितलं, दूर स्टेजवर ठेवलेल्या माईकच्या स्टँडकडं बघितलं आणि मग पुन्हा पोत्याकडं.

"व्हय की," तो म्हणाला. "लईच भिजल्यात."

एकोणीस तारखेला साडेतीनलाच मैदान भरलं. शाहबाजभाई आजऱ्याहून रेनकोट घालून आणि वर छत्री घेऊन आले आणि बरोबर मधोमध, दोन छपरं मिळतात त्या पन्हळीखाली बसले. जाणकार माणूस. पाऊस सुरू व्हायच्या आधीच त्यांनी छत्री उघडली. चमन खांबाला टेकून उभा होता, तिथून त्याला ती काळी छत्री आणि तिच्यावरचा पन्हळीचा जोड एका रेषेत दिसत होता. वर पन्हळीची पट्टी सोडून कापडाचं छत छान ताणलेलं होतं. पोती आहेत का नाहीत हे खालून कळायला मार्ग नव्हता. शिक्षक मंडळी फाशीची तारीख लागल्यासारखी रांगेत बसली होती. विजयसिंह सरांनी कोरडी मफलर गळ्यात घातली होती.

चारला साहेबांनी वही उघडली. शेळी टोपीजवळ आली तेव्हा पन्हाळ्याकडचं आभाळ काळं झालं. साहेबांनी वर बघितलं आणि समाधानानं हसले. चार बावीसला पाऊस आला.

तो आला म्हणजे काय आला, तर पत्र्यावर कुणीतरी डंपरभर खडी ओतली आणि ओततच राहिलं. पहिल्या क्षणी लोक सवयीनं अर्धे उठले, खुर्च्यांना हात घातले. मग वर बघितलं. पाणी नाही. मग स्टेजकडं बघितलं. साहेब बोलत होते. स्टेजवर पोती होती, त्यांना त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. दोन्ही बाजूंचे मोठे स्पीकर थरथरत होते, म्हणजे त्यांतून काहीतरी बाहेर पडत असणार. पण चौथ्या रांगेपासून मागं कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. पहिल्या तीन रांगांना अधूनमधून 'आणि' एवढंच ऐकू येत होतं.

लोक हळूहळू खाली बसले. मग त्यांच्या लक्षात यायला लागलं की हे वाईट नाही. भिजत नाही, उभं राहावं लागत नाही आणि ऐकावंही लागत नाही. सोनूबाईंनी शेजारणीच्या कानाला तोंड लावलं, तिनं पुढचीच्या, आणि दहा मिनिटांत चारशे बायकांची मासिक सभा चालू झाली. मागं दोन भावकीतली माणसं, जी सहा वर्षं बांधावरून बोलत नव्हती, एकमेकांच्या कानात ओरडून बोलायला लागली. ओरडायलाच लागत असल्यामुळं त्यांना ते आपोआप जमलं. विजयसिंह सरांनी डोळे उघडे ठेवून झोपायची विद्या शिक्षक म्हणून मिळवलेली होती, ती वापरली.

प्रश्न टाळ्यांचा होता. तो संग्रामनी सोडवला. साहेब मुद्दा संपला की पाणी पितात. साहेबांनी ग्लास उचलला की संग्राम पहिली टाळी वाजवायचे आणि मग चार हजार लोक. टाळ्या मात्र पावसातूनही ऐकू यायच्या. साहेब त्या दिवशी अकरा ग्लास पाणी प्यायले.

चमनचं लक्ष पन्हळीवर होतं. शाहबाजभाईंनी पाव तासानं छत्री मिटली. मग रेनकोटाची टोपी काढली. मग उठून मोबाइलच्या टॉर्चनं जोड बघितला, जमिनीवर कुठं ओल आहे का ते बुटानं चाचपलं आणि परत बसले. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. काजूवाल्यांचा चेहरा तसाच असतो, आत काय आहे ते फोडल्याशिवाय दिसत नाही.

पाचला पाच कमी असताना पाऊस अचानक थांबला.

इतका वेळ गर्जनेत बसलेल्या माणसांना शांतता दणका दिल्यासारखी लागली. चार हजार माणसं जिथं होती तिथं गप्प झाली. कुणाचं तोंड कुणाच्या कानाशी, तसंच राहिलं. स्पीकरमधून साहेबांचा आवाज खणखणीत आला, "...आणि आजवर ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. दहावीचा निकाल लागला. मी बोर्डावर नंबर शोधायला गेलो..."

आता हे नवीन होतं. साहेब सातवीच्या पुढं गेल्याचं कोल्हापुरानं कधी ऐकलं नव्हतं आणि दहावीविषयी तर गावात पंचेचाळीस वर्षं शंका होती. विजयसिंह सर जागे झाले. सोनूबाईंनी हात वर करून सभा थांबवली. सगळी गर्दी एकदम पुढं वाकली. चमन पण वाकला.

"...आणि बघतो तर काय," साहेब म्हणाले आणि पत्र्यावर पुन्हा खडी ओतली गेली.

चार हजार माणसांनी एका वेळी वर बघितलं. त्या बघण्यात आभारही होते आणि शिव्याही. साहेबांचे ओठ हलत होते. त्यांनी डोळे पुसले. मग हसले. मग पाणी प्यायले. संग्रामनी टाळी वाजवली. टाळी पास झाल्याची होती की नापास झाल्याची ते कुणालाच कळलं नाही, पण सगळ्यांनी मनापासून वाजवली.

साडेसातला साहेबांनी एकसष्टावं पान उलटलं आणि वही मिटली. एक माणूस उठून गेला नव्हता. बाहेर पाऊस कोसळत असताना आत कोरडं होतं, जाणार कुठं. साहेब स्टेजवरून उतरले ते थेट चमनकडं आले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. त्यांचा आवाज बसला होता. लोक इतके गुंगले होते, ते म्हणाले, की ऐकलेलं लगेच एकमेकांच्या कानात सांगत होते. हे त्यांनी स्टेजवरून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. चमन खाली बघत राहिला. लोकांना वाटलं तो विनयानं बघतोय.

मसालेभाताच्या रांगेकडं सगळे गेल्यावर पहिल्या रांगेतून बयाबाईंनी त्याला बोटानं खूण केली. चमन गेला. म्हातारीनं वर कापडाच्या छताकडं बघितलं.

"पोती कुठं गेली रं?"

भिजली होती आई, तो कसाबसा म्हणाला.

"आमचं मालक गोठ्याच्या पत्र्याला पोती बांधायचं," बयाबाई म्हणाल्या. "न्हाई बांधली तर म्हस बुजायची." मग त्यांनी मान जरा वळवून आपला कान दाखवला. मशीन कानात होतं. "अकरा वर्सांत पयल्यांदा मशीन घालून बसलो बघ. काय तरास झाला न्हाई."

त्या हसल्या, तेव्हा चमनच्या जिवात जीव आला. आणि जीव आल्याबरोबर त्याला राहवेना. आई, दहावीला काय झालतं, त्यानं हळूच विचारलं.

"त्ये ऐकायचं असलं," बयाबाई काठी टेकत उठल्या, "तर पुढल्या वर्सी पोती बांध."

आता राहिले शाहबाजभाई. ते मैदानाच्या मधोमध, आपल्याच खुर्चीजवळ उभे होते. रेनकोट घडी करून काखेत घेतला होता, छत्रीची दोरी नीट गुंडाळली होती. चमन त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मांडवाखाली उभं राहून पोरीच्या मंडपाचा निकाल ऐकायचा म्हणजे बोर्डावर नंबर शोधण्यासारखंच होतं.

"पावणं," शाहबाजभाई म्हणाले, "मंडप तुमीच घाला."

चमननं त्यांचे दोन्ही हात धरले. शाहबाजभाईंनी ते हळूच सोडवून घेतले. मग त्यांनी मागंपुढं बघितलं आणि त्याला खांबाच्या आडोशाला घेतलं. त्यांचा आवाज खाली आला.

"नोव्हेंबरात पाऊस नसतो न्हवं?"

नसतो, चमननं छातीवर हात ठेवून सांगितलं. नोव्हेंबरात कापडाचा घातला तरी चालेल, काळजीच नाही.

शाहबाजभाईंचा चेहरा पडला. काजू फुटला म्हणायचा. "मग तारीख सप्टेंबरात घेऊया काय?" ते म्हणाले. "सप्टेंबरात असतोय की चांगला. आन् मंडप असाच पायजे. पत्र्याचा. ह्यात कायबी फरक करू नगासा." मग त्यांनी खुलासा केला, "थोरले भाऊ बोलणार हाईत."

रात्री जेवताना चमननं शाहिस्ताला सांगितलं की लग्न दोन महिने अलीकडं आलं. तिनं शिंपी, दागिने, पाहुणे, सगळ्यांच्या नावानं कपाळाला हात लावला आणि एवढी घाई कशाला म्हणून विचारलं. पावण्यांना मंडप आवडला, चमन म्हणाला आणि त्यानं भाकरी मोडली.

दोन हजार दोनशे पोती शाहूपुरीतल्या गोदामात रचून ठेवलेली आहेत. दादासो रोज जाऊन हात लावून बघतो. त्याच्या मते ती अजून वाळलेली नाहीत.